स्वार्तिदायीचं नाव कसं राहिलं?

लेख मस्तच जमला भाऊ, आइसलंडच्या मेटलवर, म्हणजे हेवी मेटल संगीतावर, मराठीत कोणी लिहिलं हेच लय झालं, पण सगळा लेख सोलस्ताफिरवरच संपवला अन् तिथल्याच स्वार्तिदायी (Svartidauði) या ब्लॅक मेटल बँडचं नाव पण नाई हे पटलं नाई. सोलस्ताफिर चांगलेच हायत, १९९५ पासूनचा बँड हाय, पण आता ते ब्लॅक मेटल, म्हणजे मेटलमधला तो किंचाळत्या आवाजाचा काळोखी प्रकार, वाजवत नाईत ना. २०१२ ला स्वार्तिदायीचा फ्लेश कथीड्रल आला, चारच गाणी पण अल्बम पाऊण तासाच्या वर, अन् गिटार अशा वाकड्यातिकड्या एकमेकींत गुंतलेल्या की पहिल्यांदा ऐकताना काई हातालाच लागत नाई, चारपाच वेळा ऐका मंग उलगडते. तिथूनच बाहेरच्या लोकायचं लक्ष राजधानी रेक्याविककडं गेलं, मंग सिनमारा, मिस्थिर्मिंग हे सगळे बँड आले. मिस्थिर्मिंगचा २०१५ चा पहिला अल्बम तर आइसलंडिक भाषेतच हाय, आपलीच भाषा धरून वाजवतात हे मले लय आवडते.

अख्ख्या देशाची लोकसंख्या चार लाखाच्या आत, आमच्या एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत २७ लाखाच्या वर लोक होते. तिथं माणसंच कमी, त्याच्यामुळं एकच पोरगा दोनतीन बँडमधी वाजवते, अन् बरेचसे अल्बम स्टुडिओ एमिसरीतच रेकॉर्ड झाले, म्हणून आवाजात एक सारखेपणा येते. एस्तनाफ्लुग हा तिथला मेटल फेस्टिवल पण राजधानीत नाई, पार पूर्वेकडच्या नेसकौपस्तादुर नावाच्या छोट्याशा गावात व्हायचा.

दारव्ह्याकडं नेट रात्रीच बरं चालते, तवाच ऐकतो मी हे सगळं, हेडफोन लावून. पुढचा भाग सिनमारावर लिहा भाऊ, वाट पाहतो.