काकीची माटोळी धुक्यात

डिजिटल आर्ट आणि फोटोग्राफीचा कोर्स म्हणजे नक्की काय ते आमच्या घरात फक्त आजीला कळलं. "म्हणजे आता कुणाच्या लग्नाला फोटोवाला सांगायला नको," एवढं बोलून ती परत वाती वळायला लागली. बाकीच्यांनी उगाच अख्खी संध्याकाळ घातली, नोकरी लागते का, फी किती, आर्ट म्हणजे चित्रकला ना मग कॉम्प्युटर कशाला, आणि फिरून आजी जिथे होती तिथेच आले. बाबांचा मुद्दा तेवढा वेगळा होता. "दीनानाथ दलाल आपल्या मडगावचे, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं गाजवली त्यांनी. मारिओ मिरांडा तर चित्रकलेच्या कॉलेजात शिकलाच नाही, लहानपणापासून डायरीत चित्रं काढत बसायचा. त्यांनी कुठे लॅपटॉप मागितला होता?" याला उत्तर आहे, पण लॅपटॉप हातात पडेपर्यंत ते न दिलेलं बरं, म्हणून मी गप्प बसले.

तर आता मी रोज फोंड्याहून बसने पणजीला जाते. कॅमेरा मावसभावाचा जुना, त्याला ५० एमएमची एफ १.८ लेन्स. सरांचं एकच पालुपद, बेसिक पक्कं करा. बेसिक म्हणजे अॅपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ, म्हणजे लेन्सचं भोक किती मोठं, उजेड किती वेळ आत घ्यायचा आणि फोटो टिपणारा आतला सेन्सर उजेडाला किती हावरट, या तिघांत उजेड वाटून घ्यायचा, एकाला जास्त दिला की दुसऱ्याचा कमी करावा लागतो आणि तिसरा रुसतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे वेगळं शिकवायची गरज नाही खरं तर.

पहिली असाइनमेंट पणजीचं चर्च. पांढरंशुभ्र चर्च, वर झगझगीत ऊन, आणि फोटोत भिंती राखाडी. सगळ्या वर्गाच्या राखाडी. कॅमेऱ्याच्या मीटरला म्हणे जगातलं सगळं मधल्या करड्या रंगाचं आहे असं वाटतं, १८ टक्के ग्रे म्हणतात त्याला, मग पांढरं काही दिसलं की तो घाबरून उजेड कमी करतो आणि काळं दिसलं की वाढवतो. म्हणून पांढऱ्याला आपण उजेड प्लस करायचा, काळ्याला मायनस, याला एक्सपोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. पांढऱ्याचं झालं, काळ्यासाठी मी घराशेजारची म्हैस निवडली. मायनस एक केल्यावर म्हैस मस्त काळीकुळकुळीत आली, पण तिचा मालक आला तो वेगळ्याच काळजीत. "गो बाय, फोटो कसले काढतेस, ही विकायची नाय आमका." मी म्हटलं अहो मी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन बघतेय. कॉम्पेन्सेशन ऐकल्यावर तर त्याची खात्रीच पटली की जमीन जाणार. तेव्हापासून मी कॅमेरा घेऊन बाहेर पडले की तो म्हैस गोठ्यामागे नेऊन बांधतो.

लोकांना वाटतं, गोव्यात राहते म्हणजे काय मजा, जिकडे कॅमेरा फिरवला तिकडे फोटो. अहो, तीच तर पंचाईत आहे. सगळं जग इथे फोटो काढायला येतं आणि इथल्या शिकाऊ पोरीला उभं राहायला जागा मिळत नाही. पर्राच्या माडांच्या रस्त्यावर जा, तिथे लोक रस्त्याच्या मधोमध आडवे झालेले. मिरामारच्या किनाऱ्यावर जा, सूर्यापुढे कुणीतरी कुणालातरी उचलून धरलेलं. आणि गळ्यात मोठा कॅमेरा दिसला रे दिसला की "मॅडम, एक फोटो प्लीज" म्हणून फोन आपल्या हातात. मी इतक्या अनोळखी जोडप्यांचे फोटो काढलेत की त्यांचाच पोर्टफोलिओ झाला असता, फक्त तो त्यांच्या फोनमध्ये आहे. एकाने तर काढलेले फोटो तिथेच बघून "जरा तिरका आलाय होरायझन" असं मला सांगितलं. मला!

पणजीतल्या जुन्या वस्तीचं, फोंतेन्हासचं, विचारूच नका. पिवळी घरं, निळी घरं, लाल घरं, खिडक्यांना पांढरी किनार, कलर थिअरीचं अख्खं प्रकरण एका गल्लीत उभं आहे, म्हणून सरांनी तिथे पाठवलं. पण त्या घरांत माणसं राहतात, त्यांना दुपारची झोप असते, आणि सकाळपासून त्यांच्या पायरीवर कोण ना कोण गाऊन पसरून बसलेलं असतं, म्हणून बऱ्याच घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत. मी पाटी नसलेलं घर शोधून, समोरच्या भिंतीला टेकून, अगदी श्वास रोखून उभी राहिले तर वरच्या बाल्कनीतून एक म्हातारी बाई इंग्रजीत ओरडल्या. मी पटकन कोकणीत म्हटलं, "आंटी, हांव टुरिस्ट न्हय, हांव फोंड्याची." वाटलं आता विरघळतील. त्या म्हणाल्या, "मगे फोंड्यांत घरां नात?"

आता यावर काय बोलणार. बाईंचं शंभर टक्के बरोबर होतं.

उरला गोल्डन अवर. सूर्य मावळायच्या आधीचा तो मऊ सोनेरी उजेड, सावल्या लांब, चेहरे उजळ, फोटोग्राफर लोक त्याच्यावर जीव टाकतात. क्लास सुटतो तेव्हा नेमका तो सुरू होतो आणि मी असते पणजीच्या बसस्टँडवर फोंड्याच्या लाइनीत. मांडवीवर सोनं सांडलेलं मी रोज बघते, पण एका हातात वरची दांडी, दुसऱ्या हातात बॅग आणि काचेवर समोरच्या काकांचं डोकं. माझ्या गोल्डन अवरच्या सगळ्या फोटोंत कुणाचा तरी कान आहे. सर म्हणाले फोरग्राउंड इंटरेस्ट चांगला आहे.

पावसाचं तर वेगळंच. जून ते सप्टेंबर आपल्याकडे जे काय कोसळतं त्यात कपडे वाळत नाहीत, पापड वाळत नाहीत आणि लेन्सच्या आत बुरशी धरते. खरंच धरते, काचेवर बारीक जाळं पसरतं कोळ्यासारखं. उपाय म्हणजे हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास. बाबा म्हणाले पुड्या कशाला विकत आणतेस, तांदळात ठेव, फोन पाण्यात पडला की लोक ठेवतात. आई म्हणाली तांदळाची भुकटी आत गेली तर. आजी म्हणाली कॅमेऱ्याची काय भुकटी तांदळात आली तर. ही चर्चा चालू असताना कॅमेरा टेबलावर उघड्यावर होता आणि बाहेर धो धो. शेवटी आईने नेवऱ्या ठेवायचा मोठा डबा दिला, तोही चवथीला परत द्यायच्या अटीवर.

आणि चवथ आली. चवथ म्हणजे आम्ही सगळे मूळ घरी, आणि मूळ घरी माटोळी मोठ्या काकीची. गणपतीच्या वर लाकडाची चौकट टांगून तिला सुपारीचे घोस, नारळाची पेंड, केळ्यांचे घड, तोरिंगं, कांगोण्या आणि रानातली काय काय फळं बांधतात, त्यातली निम्मी नावं आता फक्त काकीलाच येतात. ती आठ दिवस आधीपासून माणसं रानात पिटाळते. यंदा तिने मला बोलावून सांगितलं, नीट कॅमेऱ्याने फोटो काढ, तुझं शिक्षण कळू दे जरा. मी एफ १.८ लावलं, गणपतीच्या डोळ्यांवर फोकस केला आणि फोटो इतका सुंदर आला की माझा मलाच विश्वास बसेना. मूर्तीचा चेहरा लख्ख, समया मागे गोल गोल दिव्यांसारख्या विरघळलेल्या, आणि वर हिरवा, पिवळा, लाल असा रंगांचा नुसता ढग.

काकीने कॅमेरा जवळ घेतला, लांब घेतला, चष्मा पुसला. "ही माझी माटोळी?"

"हो. तो इफेक्ट आहे काकी, बॅकग्राउंड ब्लर."

"एवढी रानं पालथी घातली ती ब्लर करायला? धुक्यात कशाला घातलीस गो तिला?"

मग मला धडाच द्यावा लागला, तोही गणपतीसमोर. अॅपर्चर जितकं मोठं उघडं तितकं कमी अंतर शार्प येतं, सगळं हवं तर ते बारीक करायचं, एफ ११ वगैरे, एफचा आकडा मोठा की भोक बारीक. "मग कर बारीक," काकी म्हणाली, तिला वाटलं मी आळस करतेय. पण एफ १.८ वरून एफ ११ वर गेलं की उजेड होतो ३७ पट कमी, आणि मूळ घरातला उजेड म्हणजे एक ट्यूब, दोन समया आणि चुलतभावाने लावलेली लुकलुकणारी माळ. जिथे १/१२५ सेकंदात काम होत होतं तिथे आता १/३ सेकंद लागणार. तेवढ्यात आरती सुरू झाली. १/३ सेकंदात झांजा वाजवणारा माणूस तीन माणसं होतो. माटोळी आली खणखणीत, सुपारी अन् सुपारी मोजून घ्या, पण खाली सगळं घराणं पुसट, नुसते हलणारे शर्ट. आयएसओ ६४०० केला तर सगळ्यांच्या तोंडावर रवा सांडल्यासारखे ठिपके. ट्रायपॉड लावला तर तो लावताच घरातल्या धाकट्या पोराने त्याच्यावर ओला टॉवेल टाकला.

शिवाय ५० एमएम. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे ती वागते ७५ सारखी, म्हणजे खोलीत मावेल तेवढं दिसत नाही, मागे जावं लागतं. मी मागे सरत सरत सोपा ओलांडला, पायऱ्या उतरले आणि अंगणात तुळशीशी उभी राहिले तेव्हा कुठे गणपती आणि माटोळी एका चौकटीत आली. दारात उभ्या असलेल्या सगळ्या काकांच्या पाठींसकट.

शेवटी चुलतभावाने फोन काढला, एक हात वर करून टिक केलं, काही न बघता. सगळं शार्प, सगळे हसतायत, माटोळी तर अशी की काकीने तोच फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. त्याच्या फोनची लेन्स आणि सेन्सर इतके बारके असतात की सगळं आपोआप फोकसमध्ये येतं, आणि उजेड कमी असला तर तो भराभर बरेच फोटो काढून ते एकत्र जोडतो, यात त्याचं कर्तृत्व शून्य, हे मी सगळ्यांना समजावत होते पण पंचखाद्य वाटायला सुरुवात झाली होती.

फोटोग्राफीत निदान समोर काहीतरी असतं. डिजिटल आर्टमध्ये पेन टॅबलेट. हात टेबलावर फिरतो, रेघ उमटते वर स्क्रीनवर, आणि मेंदू मध्येच कुठेतरी पणजी-फोंडा अप डाऊन करत असतो. बॉक्सवर लिहिलंय ८१९२ प्रेशर लेव्हल, म्हणजे पेन किती जोरात दाबलं त्याच्या पायऱ्या, माझ्या हाताला त्यातल्या दोनच येतात, काहीच नाही आणि भसकन. आई म्हणाली, हात एकीकडे आणि बघतेस दुसरीकडे, असं चित्र कसं येईल. आजीने वाती वळता वळता टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "मग मी काय करतेय?" तिच्या वाती एकसारख्या. माझ्या रेघा अजूनही केसाळ आहेत.

तरी लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर, कळले आणि मी जरा माजले. तेवढ्यात धाकट्या काकांचा फोन. आमच्या देवळात जत्रेला गावातल्या लोकांचं मराठी नाटक असतं, ऐतिहासिक, दर वर्षी, काका दर वर्षी राजा. फ्लेक्स तू कर म्हणाले, कॉम्प्युटरवर शिकतेस ना. दहा बाय सहा फूट. सगळ्या नटांचे फोटो व्हॉट्सअॅपवर आले, व्हॉट्सअॅपने वाटेत त्यांचा पार रस काढलेला, एकेक चेहरा बोटाच्या पेराएवढा. तो दोन फुटांचा केला की माणसाच्या जागी फरशी दिसते. काकांनी स्वतःचा पाठवलेला फोटो पॅन कार्डासाठी काढलेला, त्यात त्यांना केस आहेत. मी म्हटलं काका नवीन पाठवा. म्हणाले हाच माझा चांगला.

मी प्रत्येक चेहरा वेगळ्या लेयरवर ठेवला आणि तिथेच शहाणपणा करून काकांना ते सांगितलं, की बघा, एक हलवला तरी बाकीचे जागेवर राहतात. मग काय, रात्री अकरापर्यंत फोनवरून राज्यकारभार. सेनापतीला मागे घे, त्याने तालमीला दांड्या मारल्यात. प्रधानाला राजाच्या बरोबरीने नको, खांद्याच्या खाली. ज्यांनी वर्गणी दिली त्यांची नावं मोठी, ज्यांनी जास्त दिली त्यांचे फोटो, आणि मधे जरा जागा दिसते तिथे एक तलवार टाक. रिकामी जागा डिझाइनमध्ये मुद्दाम सोडतात हे मी सांगून बघितलं. "मग तेवढ्या जागेचे पैसे परत देतो काय तो छापणारा?"

छापून आला तेव्हा काकांचा पोपटी शेला शेवाळी झाला होता. स्क्रीनवरचा रंग लाल, हिरव्या, निळ्या उजेडाचा असतो आणि छापताना लागते शाई, त्यात ते भडक हिरवे बसतच नाहीत, हे बेसिक. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढं शिकून साधा पोपटी येत नाही?"

काल परत फोन. राणीचं काम करणारा पोरगा दुबईला नोकरी लागून चाललाय, त्याच्या जागी दुसरा आणलाय, फ्लेक्सवरचा चेहरा तेवढा बदल. मी म्हटलं, काका, फ्लेक्स छापून झाला, देवळासमोर दोन पोफळींना बांधूनसुद्धा झाला.

"मग काय झालं? राणी वेगळ्या लेयरवर आहे म्हणालीस ना?"