काम चार ओळींचं आणि सेटअप पानभर!

अरे, अजून किती वर्षं तेच ते ‘कॉन्फिगर’ फंक्शन चिकटवत बसणार आहात? अंधेरी, पवई, ऐरोली, कुठल्याही ऑफिसातला सिम्फनीचा, म्हणजे त्या पीएचपी भाषेतल्या फ्रेमवर्कचा प्रोजेक्ट उघडा. कन्सोल कमांडच्या, म्हणजे टर्मिनलवरून चालवायच्या कमांडच्या फाइलमध्ये आधी ‘कॉन्फिगर’मध्ये कमांडचं नाव, वर्णन आणि तिला द्यायच्या गोष्टी सांगणारं पानभर सेटनेम, सेटडिस्क्रिप्शन, अ‍ॅडआर्ग्युमेंट, अ‍ॅडऑप्शन, आणि खरं काम तळाशी चार ओळींत. तेही शेजारच्या फाइलमधून जसंच्या तसं उचललेलं!

लांबी एक वेळ सोडा, पण त्या लांबीत चुका लपतात त्याचं काय? अ‍ॅडऑप्शनचा क्रम नाव, शॉर्टकट, मोड, वर्णन, डीफॉल्ट. अ‍ॅडआर्ग्युमेंटला शॉर्टकटच नाही, म्हणून तिथे मोड दुसरा. मोड, म्हणजे व्हॅल्यू सक्तीची की ऐच्छिक हे सांगणारी खूण, हे नुसते आकडे. इनपुटआर्ग्युमेंटचा ‘ऑप्शनल’ २, आणि इनपुटऑप्शनमध्ये २ म्हणजे ‘व्हॅल्यू रिक्वायर्ड’. एकाचा मोड दुसऱ्यात पेस्ट झाला तरी पीएचपी चकार शब्द काढत नाही, अर्थ मात्र उलटा होतो. मोड लिहायचाच राहिला तर ऑप्शनचा नुसता फ्लॅग (व्हॅल्यू न घेणारा, दिला किंवा नाही एवढंच सांगणारा) होतो आणि ‘--विंग=बी’ दिलं की एरर.

सगळ्यात संताप येतो तो ड्राय-रनचा, म्हणजे खरं काही न करता नुसती चाचणी घेण्याच्या ऑप्शनचा. सोसायटीची मेंटेनन्स बिलं मेल करणारी कमांड घ्या. कोणीतरी ‘ड्राय-रन’ला मोड देतो ‘व्हॅल्यू ऑप्शनल’. आता नुसतं ‘--ड्राय-रन’ लिहून कमांड चालवली की ऑप्शनची व्हॅल्यू वाचणाऱ्या गेटऑप्शनमधून येतो नल, म्हणजे ‘काहीच नाही’. खाली इफमध्ये नल म्हणजे खोटं. झालं! चाचणी समजून चालवलेल्या कमांडने सगळ्या विंगांना खरी बिलं धाडली. तिथे ‘व्हॅल्यू नन’ हवं होतं, बस्स. आणि हे रिव्ह्यूत कोणाला दिसत नाही, कारण तो पानभर मजकूर कोणी वाचतच नाही!

यावर उपाय नाही असंही नाही. सिम्फनी ७.३ मे २०२५ मध्ये आलं. क्लासवर ‘अ‍ॅजकमांड’ अ‍ॅट्रिब्यूट (कोडवर लावायची माहितीची चिठ्ठी) लावा, त्यात नाव आणि वर्णन. कमांड क्लास एक्सटेंड करायची गरज नाही. एकच ‘इन्व्होक’ मेथड लिहा: आधी टर्मिनलवर मजकूर दाखवणारं सिम्फनीस्टाइल, मग ‘आर्ग्युमेंट’ अ‍ॅट्रिब्यूट लावलेला स्ट्रिंग महिना, मग ‘ऑप्शन’ लावलेला बूल ड्रायरन, डीफॉल्ट फॉल्स. बूल म्हटलं की फ्लॅग, डीफॉल्ट नसलेलं आर्ग्युमेंट सक्तीचं. ड्रायरनचं कॅमलकेस (मधला शब्द मोठ्या अक्षराने सुरू करून जोडलेलं) नाव टर्मिनलवर आपोआप डॅशवालं होतं. ऑप्शनला मात्र डीफॉल्ट द्यावाच लागतो. गेटऑप्शनमध्ये तेच नाव पुन्हा टाइप करणं नाही, त्यामुळे स्पेलिंग चुकून रनटाइमला आपटणंही नाही.

जुन्या व्हर्जनवर अडकलात? ५.३ पासून पीएचपी ८ वर अ‍ॅजकमांड आहेच. निदान नाव आणि वर्णन तरी वर हलवा, उरलेल्या अ‍ॅडऑप्शनना नेम्ड आर्ग्युमेंट वापरा (प्रत्येक व्हॅल्यूआधी तिचं नाव लिहा), म्हणजे कोणता आकडा कशाचा ते डोळ्यांना दिसेल. आणि रिव्ह्यू करणाऱ्यांनो, नव्या कमांडमध्ये उचललेलं कॉन्फिगर दिसलं की मर्ज करू नका, परत पाठवा!