लोकेशन काढायला मॅजिस्ट्रेटची परवानगी का नको?

‘पोलिसांनी सीडीआर (कॉल डिटेल रेकॉर्ड, म्हणजे मोबाईल कंपनीकडची कॉलची नोंद) काढला’ असं वाचलं की आपल्याला वाटतं, कोणी कोणाला फोन केला त्याची यादी. त्या तक्त्यातली एक ओळ नीट बघा. नंबर, वेळ, बोलणं किती सेकंद चाललं, हँडसेटचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक), आणि कॉल कुठल्या टॉवरवर सुरू झाला, कुठल्या टॉवरवर संपला. अशा वर्षभराच्या ओळी हाती आल्या की तुम्ही रात्री कुठे मुक्कामाला असता, दर मंगळवारी कुठल्या हॉस्पिटलच्या भागात जाता, मोर्चाच्या दिवशी आझाद मैदानाजवळ होतात का, सगळं कळतं. तुमचा एक शब्दही न ऐकता! आणि मोबाईल कंपन्यांना ही नोंद किमान दोन वर्षं ठेवावीच लागते.

ती मागवायला कोर्टात जावं लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी तपास आणि खटल्यांच्या कायद्याच्या) कलम 94 खाली पोलिसांचा लेखी आदेश पुरतो. मागणारे पोलीस, मंजुरी देणारेही पोलीस. मग काय होतं ते आपण पाहिलंय. 2013 मध्ये अरुण जेटली राज्यसभेत विरोधी पक्षनेते होते, त्यांचेच सीडीआर काढायचा प्रकार उघड झाला आणि दिल्ली पोलिसांतला एक शिपाई पकडला गेला. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआरची विक्री उघडकीस आणली, खासगी गुप्तहेरांना अटक केली.

‘लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला’ हे ऐकलं की मला संताप येतो. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बाईला विचारा. तिचा पत्ता नवऱ्याला विकत मिळाला तर?

जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी सांगितलं की जामिनावरच्या आरोपीलाही गूगल मॅप्सवर लोकेशन द्यायची अट घालता येणार नाही. तोही अमली पदार्थांच्या खटल्यातला आरोपी. मग ज्याच्यावर साधी तक्रारही नाही, त्याचं लोकेशन एका पत्रावर कसं मिळतं? अमेरिकेत 2018 पासून असा टॉवरचा जुना डेटा काढायला एरवी वॉरंट लागतं, तिथले पोलीस काही हातावर हात ठेवून बसलेले नाहीत.

मूल पळवलं असेल तर लगेच लोकेशन काढा, कोण अडवतंय? पण 48 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन कारण द्या. एरवी आधी परवानगी घ्या. आणि तपास संपल्यावर ज्याचा सीडीआर काढला त्याला तसं लेखी कळवा. एवढी दुरुस्ती आपल्या आमदार-खासदारांकडे मागू या.