डब्ल्यूटीओतून बाहेर पडा म्हणे!

हिंगणघाट-वणीकडच्या सगळ्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरून रायला: डब्ल्यूटीओ (देशादेशांतल्या व्यापाराचे नियम ठरवणारी जागतिक व्यापार संघटना) म्हणजे अमेरिकेचं हापिस, तिथं तिचंच चालते, तेच आपल्या कापसाचा भाव पाडते, म्हून भारतानं उद्याच बाहेर पडावं. ओलाव्याच्या नावाखाली क्विंटलमागं पैसे कापून घेऊन जो घरी आला त्याचा राग समजते ना भाऊ, पण पत्ता चुकला.

तिचंच चालते हे आयएमएफबद्दल, म्हणजे देशांले कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीबद्दल म्हटलं असतं तर चाललं असतं, तिथं कोट्याप्रमाणं, म्हणजे ज्यानं जेवढा पैसा टाकला त्याप्रमाणं मतं, अमेरिकेकडं १६ टक्क्यांच्या वर अन् मोठ्या निर्णयाले ८५ टक्के लागते, म्हणजे एकटी अडवते. डब्ल्यूटीओत १६६ सदस्य, प्रत्येकाले एक मत, अन् खरं तर मतदान होतच नाही, बैठकीत कोणी हरकत घेतली नाही तरच निर्णय. २०१४ च्या जुलैत आपणच सरकारी धान्यसाठ्याच्या मुद्द्यावर व्यापार सुलभीकरणाचा (सीमेवरची कस्टमची कटकट कमी करायचा) करार अडवला होता, नोव्हेंबरात तोडगा निघाला तवा सोडला.

भाव पाडते? ऑगस्ट २०२५ मधी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं ते दिल्लीनं. जिनेव्हात, म्हणजे डब्ल्यूटीओत, आपण कबूल केलेली शुल्काची कमाल मर्यादा त्याच्या कितीतरी वर आहे, म्हणजे शुल्क काढा असं तिनं सांगितलं नव्हतं.

अन् अमेरिकेले तिथं कोणी जाब विचारत नाही हेही खोटं. ब्राझीलनं २००२ मधी तिच्या कापूस सबसिडीवर केस टाकली, २००५ ले अपिलातही जिंकली, तरी अमेरिका हटेना, मंग २००९ ले ब्राझीलले तिच्या मालावर शुल्क लावायची परवानगी भेटली तवा कुठं अमेरिका वर्षाले १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायले लागली अन् २०१४ मधी ३० कोटी देऊन मिटवलं. पण पाहा, ब्राझील मोठा म्हून जमलं. बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली हे आफ्रिकेतले कापूस पिकवणारे गरीब देश २००३ पासून हेच रडगाणं गाऊन रायले, ते कोणाच्या मालावर शुल्क लावतील? अन् वरून अपिलाचे सात जज नेमायलेही सगळ्यांचा होकार लागते, अमेरिकेनं नेमणुकाच अडवल्या, डिसेंबर २०१९ पासून ते अपील बंद. ज्याच्यावर केस तोच पंच बसू देत नाही! नियम करताना हरकतीचा हक्क असावाच, जज नेमतानाही तोच ठेवला हे मात्र मले पटत नाही, दुरुस्ती तिथं पायजे.

बाहेर पडणं सोपं आहे, सहा महिन्याची नोटीस. अमेरिकेची सबसिडी तशीच रायते, अन् हरकत घ्यायचा आपला हक्क तेवढा जाते.