‘खोटी आशा’ म्हणण्याआधी लेख पुरता वाचा

‘एक सोलापूरकर’ यांस,

लहान मुलांच्या किडनीच्या कॅन्सरवर, म्हणजे विल्म्स ट्यूमरवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही म्हणता, “डॉक्टर नसताना पालकांना खोटी आशा दाखवू नका. दोन्ही किडन्यांत गाठी असतील तर दोन्ही काढणं हाच उपाय. अर्धा कॅन्सर आत ठेवून काय साधणार?” पुढे खर्चाचं आणि लेखाच्या लांबीचं आहे. लेख लांबला, मान्य.

पण ‘खोटी आशा’? कुठलं वाक्य खोटं, ते तरी दाखवायचं. मी डॉक्टर नाही हे मी पहिल्याच ओळीत लिहिलंय. तुम्हीही आहात असं दिसत नाही, तरी निकाल देऊन मोकळे!

माझ्या भाचीच्या पोटाला तेल लावताना ताईच्या हाताला टणक गोळा लागला. सोनोग्राफीत दोन्हीकडे गाठी. इथे एकाने अगदी तुमच्याच सुरात सांगितलं होतं. ताईचं अन्नपाणी सुटलं. शेवटी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठली. तिथे तिच्या कॉटला चिठ्ठी लावली, “पोट दाबू नका”. गाठ फुटली तर कॅन्सरच्या पेशी पोटात सांडतात, म्हणून.

तिथे आधी केमो दिली. सहा आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून गाठी किती आकसल्या ते बघतात आणि ऑपरेशन सहसा बारा आठवड्यांपलीकडे नेत नाहीत. त्यात गाठ काढतात आणि किडनीचा जेवढा चांगला भाग वाचवता येईल तेवढा वाचवतात. मागे राहते ती किडनी, कॅन्सर नाही! कापलेल्या कडेला पेशी सापडल्या तर रेडिएशन, आणि केमो पुढेही चालूच.

दोन्ही काढल्या तर एवढ्याशा जिवाला डायलिसिस. वाढ खुंटते, आणि ट्रान्सप्लांटच्या आधी कॅन्सर परतत नाही ना, हे बघायला बहुधा वर्ष-दोन वर्षं थांबवतात. काही मुलांत दुसरा इलाजच उरत नाही. तेही मी लिहिलंय. तिथवर पोचलात का?

दोन्ही किडन्यांत गाठी असलेल्या मुलांवर याच पद्धतीने उपचार केलेल्या उत्तर अमेरिकेतल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. चार वर्षांनी सुमारे ९५ टक्के मुलं हयात होती. याला खोटी आशा म्हणायचं?

खर्चाचा विषय वेगळा, त्यात आत्ता शिरत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. पण आज सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेली एखादी आईही ती वाचेल, म्हणून हे उत्तर तिच्या लगेच खाली ठेवतेय.