खेळाडूच्या दारात जाणारा प्रशिक्षक

ऑलिंपिक संपले की मराठी वर्तमानपत्रांत एक प्रश्न हमखास विचारला जातो: अमेरिकेची विद्यापीठे पदकविजेते घडवतात, मग आपली विद्यापीठे का घडवत नाहीत? 2036चे ऑलिंपिक भारतात भरवण्याची चर्चा सुरू झाल्यापासून तो अधिकच ऐकू येतो, आणि त्यावर सुचवले जाणारे उपाय बहुधा मैदाने, निधी आणि क्रीडा विद्यापीठ यांच्यापाशी येऊन थांबतात. मी केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात राहतो. इथल्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाकडे मैदान, निधी आणि प्रेक्षक यांपैकी कशाचीही वानवा नव्हती, तरीही तो संघ दोन वर्षांत पार रसातळाला गेला. म्हणूनच या वादात मला त्याची हकिकत मांडावीशी वाटते.

लुइव्हिलला एनबीएचा, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, संघ नाही. विद्यापीठाचा संघ हाच शहराचा संघ, आणि त्याच्या सामन्यांसाठी शहराच्या मध्यवस्तीत सुमारे 22 हजार प्रेक्षकांचे बंदिस्त क्रीडागृह उभे आहे. डेनी क्रम यांनी 1971पासून तीस वर्षे प्रशिक्षकपद सांभाळले आणि 1980 व 1986 अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. पुढे रिक पिटिनो यांच्या काळात 2013चे विजेतेपदही आले. मात्र संघात येऊ पाहणाऱ्या मुलांसाठी वसतिगृहात बायका आणल्याचे उघड झाल्यावर 2018मध्ये एनसीएए या विद्यापीठीय खेळांच्या नियामक संस्थेने ते काढून घेतले. त्याआधीच, 2017मध्ये, एका खेळाडूच्या कुटुंबाला बूट बनवणाऱ्या कंपनीकडून पैसे देऊ केल्याच्या एफबीआय चौकशीत विद्यापीठाचे नाव आले आणि पिटिनो यांची गच्छंती झाली. दोन्ही प्रकरणे खेळाडू मिळवण्याच्या धडपडीतूनच उद्भवली होती, हे इथे ध्यानात घ्यायला हवे.

मार्च 2022मध्ये केनी पेन यांची नेमणूक झाली, तेव्हा शहराने सुटकेचा निःश्वास टाकला. ते 1986च्या विजेत्या संघातले खेळाडू, म्हणजे घरचेच माणूस. शिवाय शेजारच्या केंटकी विद्यापीठात सहायक म्हणून दहा वर्षे काम करताना गुणी मुले हेरून त्यांना आणण्यात त्यांचा हातखंडा मानला जाई. त्यांना वर्षाला सुमारे साडेतेहेतीस लाख डॉलर मिळणार होते. मोसम सुरू होण्यापूर्वीच्या सराव सामन्यात दुसऱ्या श्रेणीतल्या एका छोट्या महाविद्यालयाने त्यांच्या संघाला हरवले, मग पहिले तीन सामने प्रत्येकी एका गुणाने गेले, आणि पहिला विजय मिळण्याआधी ओळीने नऊ पराभव झाले. मोसमाचा हिशेब 4 विजय, 28 पराभव. पुढच्या वर्षी 8 आणि 24. मार्च 2024मध्ये पेन यांना पद सोडावे लागले.

कारणे पुष्कळ सांगितली गेली. एफबीआय प्रकरणाचा निकाल नोव्हेंबर 2022पर्यंत लांबला होता, आणि ज्या संघावर बंदीची टांगती तलवार आहे तिथे आपला मुलगा पाठवायला आईबाप कचरतात, हे खरेच आहे. चेंडू खेळवत डाव रचणारा जातिवंत पॉइंट गार्डच पहिल्या वर्षी संघात नव्हता, हेही खरे. पण शहराच्या जिव्हारी लागला तो डीजे वॅगनर. देशातल्या सर्वोत्तम शालेय खेळाडूंत गणला जाणारा हा मुलगा लुइव्हिलच्या 1986च्या संघातले मिल्ट वॅगनर यांचा नातू. पेन यांनी खुद्द आजोबांना आपल्या कर्मचारिवर्गात घेतले. तरी नातवाने निवड केली ती कट्टर प्रतिस्पर्धी केंटकीची. दुसऱ्या वर्षी ट्रेंटिन फ्लॉवर्स हा नावाजलेला मुलगा विद्यापीठात दाखल झाला खरा, पण मोसम सुरू होण्यापूर्वीच ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक संघाकडे निघून गेला. 2021मध्ये खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावण्याची आणि एक वर्षही न गमावता विद्यापीठ बदलण्याची मुभा मिळाली होती, आणि त्या नव्या बाजारात जुने ऋणानुबंध फारसे चालत नव्हते.

हा बाजार आपल्याकडे यावा असे मला मुळीच वाटत नाही. पेन यांच्यानंतर आलेल्या पॅट केल्सी यांनी जवळजवळ सगळाच संघ इतर विद्यापीठांतून नव्याने उभा केला आणि पहिल्याच मोसमात 27 सामने जिंकले. शहर आनंदले, मीही आनंदलो, पण त्या खेळाडूंचे या विद्यापीठाशी नाते ते काय, असे कुणी विचारले तर मला नीट उत्तर देता येणार नाही.

मला मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. पेन यांना अपयशी ठरवता आले, कारण खेळाडू शोधणे हे त्यांचे काम होते. प्रशिक्षकाने गावोगावच्या शालेय सामन्यांना जायचे, मुलाच्या घरी बसून आईवडिलांशी बोलायचे, आणि तो आला नाही तर शहरभर जाब द्यायचा. महाराष्ट्रात हा प्रवास बहुतेक उलट्या दिशेने होतो. खेळाडू निवड चाचणीला स्वखर्चाने जातो, प्रमाणपत्रे गोळा करतो, दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि पुढे नोकरीतले पाच टक्के आरक्षण यांसाठी ती पडताळून घेतो. आणि त्याच कागदांना एवढी किंमत आल्यामुळे बनावट क्रीडा प्रमाणपत्रांचे प्रकार उघडकीस येतात. एखाद्या तालुक्यातला उंच, चपळ मुलगा कुणाच्याच नजरेस पडला नाही, तर त्याचा दोष नेमक्या कोणत्या अधिकाऱ्याच्या खाती मांडायचा? क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्या हा एक अपवाद. दुसरा, जत्रेच्या फडात पोर हेरून त्याला तालमीत घेऊन येणारा वस्ताद. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडून मात्र अशी अपेक्षा कुणी केल्याचे मी ऐकलेले नाही.

दिल्लीच्या तेजस्विन शंकरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. कॅन्सस स्टेट विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती दिली आणि तो उंच उडीत दोनदा, 2018 व 2022मध्ये, एनसीएएचा विजेता झाला. त्याच 2022मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेसाठीची पात्रता उंची त्याने अमेरिकेत ओलांडली होती, तरी मायदेशातल्या आंतरराज्य स्पर्धेला तो हजर नव्हता म्हणून त्याला संघातून वगळण्यात आले. दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागून तो बर्मिंगहॅमला पोहोचला आणि कांस्यपदक घेऊन आला. भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाचा नियम सर्वांना सारखा होता, हा बचाव मला पटण्याजोगा वाटतो. पण नियम लावणाऱ्यांना पदक हुकले असते तरी कुणी जाब विचारला नसता, हेही तितकेच खरे.

म्हणून घरच्या चर्चेत माझी सूचना माफक आहे. राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठाने निदान दोन खेळांसाठी पूर्णवेळ प्रशिक्षक नेमावा, त्याला प्रवासखर्च द्यावा, जिल्हा स्तरावरच्या शालेय स्पर्धा प्रत्यक्ष पाहणे त्याच्या कामात लिहावे, आणि वर्षाअखेरीस त्याने कोणती मुले पाहिली, कोणती आणली, कोणती निसटली, याची यादी जाहीर करावी. यासाठी 22 हजार आसनांचे क्रीडागृह लागत नाही, आणि साडेतेहेतीस लाख डॉलर तर नाहीच नाही.