टीएफआरमधून सुटायच्या 'पाच युक्त्या' म्हणे

अमेरिकेत छोटी विमानं उडवणाऱ्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुप्समधून एक फॉरवर्ड फिरतोय, "टीएफआरचं टेन्शन घेऊ नका, जुन्या पायलटांच्या पाच युक्त्या". कोण जुने पायलट, काही पत्ता नाही. मी इतके दिवस सोडून देत होतो, पण काल तोच मेसेज माझ्या भाच्याकडून आला. तो फ्लोरिडात प्रायव्हेट पायलटचं लायसन्स करतोय, सोलो क्रॉस-कंट्री, म्हणजे एकट्यानं लांबच्या एअरपोर्टला उडत जायची फेरी, तोंडावर आलीये आणि पठ्ठ्या खाली विचारतो, "मामा, चौथी युक्ती खरंच चालते का?"

नाही चालत रे बाबा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टीएफआर म्हणजे आकाशाच्या एखाद्या भागात उडण्यावर एफएएनं, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्यानं, काही काळापुरती घातलेली बंधनं. राष्ट्राध्यक्ष येणार असतील, वणव्यावर पाणी टाकणारी विमानं फिरत असतील, स्टेडियममध्ये मोठी मॅच असेल, रॉकेट उडणार असेल, अशी कारणं. अध्यक्षांची टीएफआर असली की साधारण ३० नॉटिकल मैल त्रिज्येचं बाहेरचं वर्तुळ, त्याच्या आत १० मैलांचं, आणि उंची जमिनीपासून थेट १७,९९९ फुटांपर्यंत, म्हणजे सेसना १७२सारखं छोटं विमान घेऊन वरून जाऊ असं म्हणायची सोय नाही.

आता या महाशयांच्या युक्त्या. एक, एटीसीशी, म्हणजे जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकांशी, बोलत असाल तर टीएफआर बघायची गरज नाही. दोन, आयपॅडवरच्या नकाशात लाल वर्तुळ दिसत नाही म्हणजे टीएफआर नाही. तीन, स्टेडियमवाल्या टीएफआर कोणी बघत नाही. चार, एफ-१६ हे लढाऊ विमान मागे लागलं तर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला आपली ओळख कळवणारं यंत्र, बंद करा आणि खाली जाऊन सटका, ते तुमच्याइतकं हळू उडू शकत नाही. पाच, चूक स्वतःहून कळवायचा नासाचा फॉर्म भरला की सगळं माफ.

चौथीच आधी घेतो कारण बाकीच्यांनी फार तर लायसन्स जाईल, हिच्यामुळे माणूस जाईल. एफ-१६ सेसनाच्या वेगानं उडू शकत नाही हे खरंय, मान्य, पण त्याला तुमच्या शेजारी उडायचंच नसतं, ते बाजूनं पुढे निघून जातं, वळतं, परत येतं, लक्ष नाही दिलंत तर समोरून आडवं जाऊन फ्लेअर्स, म्हणजे झगझगीत जळते गोळे, सोडतं. आणि वॉशिंग्टनच्या भागात हळू उडणाऱ्यांसाठी कोस्ट गार्डची हेलिकॉप्टर्स ठेवलेलीच आहेत, म्हणजे ही पळवाट त्यांनी कधीच बुजवलीये. ट्रान्सपॉन्डर बंद केला म्हणून विमान गायब होत नाही, प्रायमरी रडारला पत्रा दिसतोच. गायब होता ते तुम्ही एअरलाइनवाल्यांच्या टीकॅसमधून, म्हणजे टक्कर टाळायची सूचना देणाऱ्या यंत्रातून, म्हणजे ज्याला तुम्हाला चुकवायचंय नेमकं त्यालाच तुम्ही दिसत नाही. शिवाय खाली जायचं म्हणे, तिथे टॉवर आणि वायरी तुमची वाटच बघतायत. आणि जमिनीवर बसून स्क्रीन बघणाऱ्याच्या डोक्यातून विचार करा, आत्तापर्यंत त्याला वाटत होतं कोणीतरी वाट चुकलंय, आता सिग्नल बंद करून खाली घुसणारं विमान दिसतंय. तो काय समजणार?

काय करायचं ते एफएएच्या एआयएममध्ये, म्हणजे एरोनॉटिकल इन्फर्मेशन मॅन्युअलमध्ये, पाचव्या चॅप्टरच्या सहाव्या सेक्शनमध्ये सरळ लिहिलंय, फुकट आहे, ऑनलाइन आहे, फॉरवर्ड करायचाच असेल तर तो करा की. लढाऊ विमान बाजूला येऊन पंख हलवतं, म्हणजे तुम्हाला इंटरसेप्ट केलंय, अडवलंय, मागे या. तुम्हीही पंख हलवायचे आणि मागे जायचं. आधीच कोणा एटीसीशी बोलत नसाल तर रेडिओवर १२१.५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी लावायची, आपण कोण, कुठे आणि कशासाठी उडतोय ते सांगायचं. एटीसीनं वेगळं काही सांगितलं नसेल तर ट्रान्सपॉन्डरवर ७७००, आणीबाणीचा कोड. बंद नाही, ७७००! त्यानं चाकं खाली काढून एखाद्या एअरपोर्टभोवती घिरट्या घातल्या तर तिथे उतरायचं. झटकन वर वळून निघून गेलं तर तुम्ही मोकळे. आणि ऐकलं नाही तर बळाचा वापर होऊ शकतो हेही त्यातच लिहिलंय.

११ मे २००५ ला पेनसिल्व्हेनियातून नॉर्थ कॅरोलिनाला निघालेलं एक सेसना १५० वॉशिंग्टनच्या बंद हवाई क्षेत्रात शिरलं. त्यांनी लपवाछपवी केली नव्हती, रस्ता चुकले होते बिचारे. तरी कॅपिटॉल आणि व्हाइट हाऊस रिकामं केलं, एफ-१६ नी फ्लेअर्स सोडले, विमान मेरीलँडमध्ये फ्रेडरिकला उतरवलं आणि नंतर पायलटचं लायसन्स रद्द झालं. ही नुसती चुकलेल्यांची गत.

आता पाचवी, कारण ती चौथीला चिकटलेली आहे. नासाचा फॉर्म खरा आहे, हे कबूल करायलाच लागतं. एएसआरएस नावाची ही योजना १९७६ पासून चालू आहे, १० दिवसांच्या आत चूक स्वतःहून कळवली तर दंड किंवा सस्पेन्शन टळू शकतं, आणि प्रत्येक पायलटनं तो भरावाच. पण टळते ती शिक्षा, नियम मोडल्याची नोंद होऊ शकतेच. शिवाय अट अशी की चूक नकळत झालेली पाहिजे, मुद्दाम केलेली नाही, गुन्हा नाही, आणि आधीच्या ५ वर्षांत तुमच्यावर काही सिद्ध झालेलं नसावं. मग ज्यानं चौथी युक्ती वापरून ट्रान्सपॉन्डरचं बटण स्वतःच्या हातानं फिरवलं त्यानं फॉर्ममध्ये काय लिहायचं, नकळत फिरलं? लिहिणाऱ्यानं आपलीच पाचवी युक्ती चौथीत मारून टाकलीये आणि त्याला पत्ताही नाही. अध्यक्षांच्या टीएफआर बहुतेक नॅशनल डिफेन्स एअरस्पेस म्हणून जाहीर होतात, तिथे जाणूनबुजून घुसणं हा फौजदारी गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. व्हिसावर शिकायला आलेल्या पोरांना हे असलं पाठवताय तुम्ही!

एटीसीवाली युक्ती अर्धी खरी, म्हणून जास्त त्रासदायक. बाहेरच्या वर्तुळातून जायला वेगळा स्क्वॉक कोड (ट्रान्सपॉन्डरवर लावायचा, एटीसीनं दिलेला आकडा) आणि एटीसीशी सतत बोलणं लागतंच, पण सोबत फ्लाइट प्लॅनही लागतो. आणि कोड असला तरी ट्रेनिंग, घिरट्या, टच-अँड-गो (चाकं टेकवून लगेच परत उडणं) तिथे चालत नाही. आतल्या १० मैलांत तर तुमच्या-माझ्यासारख्याला जागाच नाही. शिवाय फ्लाइट फॉलोइंग, म्हणजे एटीसीनं रडारवर तुमच्यावर लक्ष ठेवणं, कंट्रोलरला सवड असेल तर मिळतं, जबाबदारी पायलटचीच राहते.

स्टेडियमचं म्हणाल तर ३ मैल आणि जमिनीपासून ३,००० फूट, मॅचच्या एक तास आधीपासून संपल्यावर एक तासापर्यंत. इथे माझीही एक तक्रार आहे, त्या नोटॅममध्ये, म्हणजे पायलटांसाठीच्या सूचनेत, मॅचची वेळ देत नाहीत, वेळापत्रक तुम्हीच शोधायचं, हा मूर्खपणाच आहे. पण कोणी बघत नाही हे कुठून काढलं? आणि भाच्या, तुझ्या फ्लोरिडात डिस्ने वर्ल्डवर २००३ पासून तशीच ३ मैल, ३,००० फुटांची बंदी आहे, तिला मॅच वगैरे काही लागत नाही, ती रोजचीच.

राहिला आयपॅड. सकाळी डाउनलोड केलेलं चित्र दुपारपर्यंत जुनं होतं, अध्यक्षांचा कार्यक्रम बदलला की नोटॅम बदलतो. वेळा झुलू टाइममध्ये, म्हणजे यूटीसी या जागतिक वेळेत, असतात तिथे निम्मे लोक गडबडतात ते वेगळंच. म्हणून निघायच्या अगदी आधी पायलटांना हवामान आणि नोटॅम सांगणाऱ्या फ्लाइट सर्व्हिसला फोन करायचा, १-८००-डब्ल्यूएक्स-ब्रीफ, आणि हवेत असताना रेडिओवर परत विचारायचं. तो फोन रेकॉर्ड होतो, त्यामुळे उद्या काही झालं तर निघण्याआधी विचारलं होतंत याचा पुरावा राहतो.